हप्त्याला पैसे कमी पडले तर: बँकेची कापाकापी कशी थांबवायची

पासबुकावर अचानक 295 किंवा 590 असा आकडा वजा झालेला दिसला, तर तो कुठून आला हे ओळखणं सोपं आहे. 295 म्हणजे 250 रुपये अधिक 18 टक्के जीएसटी, आणि 590 म्हणजे 500 अधिक तोच जीएसटी. बहुतेक वेळा हे पैसे हप्ता परत गेल्याचे असतात. स्टेटमेंटमध्ये समोर 'ईसीएस रिटर्न', 'एनएसीएच रिटर्न' किंवा 'मँडेट फेल' असं काहीतरी छापलेलं असतं. मँडेट म्हणजे खात्यातून हप्ता आपोआप कापायला तुम्ही दिलेली परवानगी.

अमेरिकेत खात्यात पैसे कमी असले तर बँक बऱ्याचदा तूट स्वतः भरते आणि त्याची ओव्हरड्राफ्ट फी लावते. आपल्याकडे साध्या बचत खात्यावर बँक तूट भरत नाही. व्यवहार परत पाठवते आणि परत पाठवल्याचे पैसे घेते. म्हणजे हप्ताही गेला नाही आणि वर दंडही बसला. किमान शिल्लकीच्या दंडाबद्दल लोक जास्त ओरडतात, पण नोकरदार आणि छोट्या दुकानदारांचे खरे पैसे जातात ते या परत गेलेल्या हप्त्यांमध्ये.

76 रुपयांची तूट किती महाग पडते

हप्ता 6,340 रुपये आहे, तारीख 5. तुम्ही खात्यात 6,500 ठेवून निर्धास्त आहात. 2 तारखेला डेबिट कार्डाची वार्षिक फी 200 अधिक जीएसटी, म्हणजे 236 रुपये कापली गेली. राहिले 6,264. हप्त्याला फक्त 76 रुपये कमी. बँक असतील तेवढे पैसे देऊन बाकीचे नंतर असं करत नाही; आख्खा हप्ता परत जातो. वर 590 कापले जातात आणि खात्यात उरतात 5,674.

इथे बहुतेकांची चूक होते. '76 रुपयेच कमी होते ना' म्हणून शंभराची नोट भरली जाते. प्रत्यक्षात आता 666 रुपये कमी आहेत. कर्ज देणारी कंपनी तीन-चार दिवसांनी तोच हप्ता पुन्हा बँकेकडे पाठवते. तो पुन्हा परत जातो, पुन्हा 590 जातात. शिवाय कर्ज देणारी कंपनी स्वतःचे बाउन्स चार्जेस वेगळे लावते, ते तिच्या हिशोबात तुमच्या नावावर चढतात.

म्हणून एक हप्ता परत गेला की पहिलं काम: आधी शिल्लक बघा, मग तूट मोजा. दुसरं काम: कर्ज देणाऱ्याच्या ॲपवरून किंवा लिंकवरून हप्ता थेट भरून टाका, आणि लगेच फोन करून विचारा की याच महिन्याचा हप्ता पुन्हा खात्यावर पाठवणार आहात का. 'सिस्टीममधून गेला असेल' असं उत्तर आलं तर पैसे खात्यातही ठेवावे लागतात. दोनदा गेलेला हप्ता पुढच्या महिन्यात वळता होतो किंवा परत मिळतो. 590 मात्र सहजी परत मिळत नाहीत.

एसआयपीचं, म्हणजे म्युच्युअल फंडातल्या ठरावीक हप्त्याच्या गुंतवणुकीचंही असंच आहे. फंड हाऊस हप्ता चुकल्याचा दंड घेत नाही, पण तुमची बँक घेते, आणि तो प्रत्येक मँडेटमागे वेगळा. हजार-हजारच्या तीन एसआयपी एकाच दिवशी परत गेल्या तर 590 कापणाऱ्या बँकेत 1,770 रुपये जातात. तीन हजारांच्या गुंतवणुकीवर! मासिक एसआयपी सलग तीनदा चुकली की ती रद्दही होते.

वेळेचं गणित

1 ऑगस्ट 2021 पासून नाच (एनएसीएच), म्हणजे हप्ते वसूल करणारी यंत्रणा, रविवारी आणि बँकेच्या सुट्टीलाही चालते. 'उद्या रविवार आहे, सोमवारी भरू' हा जुना हिशोब तेव्हापासून मोडला. पगार मात्र कंपनीने शुक्रवारी सोडला नाही तर सोमवारीच येतो. 1 तारीख रविवारी आली की म्हणूनच इतके हप्ते बाउन्स होतात.

चेकचंही तेच झालं. पूर्वी चेक दिला की वटायला एक-दोन दिवस मिळायचे, त्या भरवशावर व्यापारी आज चेक देऊन उद्या पैसे भरत. 4 ऑक्टोबर 2025 पासून चेक दिवसभर सतत क्लिअर होतात. सकाळी समोरच्याने भरलेला चेक त्याच दिवशी तुमच्या खात्यावर येतो. चेक देताना पैसे खात्यात असले पाहिजेत.

हप्ते साधारणपणे सकाळीच वसुलीला येतात, म्हणून पैसे आदल्या संध्याकाळी खात्यात असावेत. आणि पगार 1 तारखेला होत असेल तर हप्ता 1 ते 3 मध्ये ठेवूच नका. 5, 7 किंवा 10 तारीख मागा. कर्ज घेतानाच मागितली तर सहज मिळते. नंतर बदलायला अर्ज, नवं मँडेट आणि कधीकधी फी लागते, पण एका बाउन्सपेक्षा ते स्वस्त पडतं.

ॲपवर दिसणारी 'एकूण शिल्लक' आणि 'उपलब्ध शिल्लक' यांतला फरकही बघा. आयपीओसाठी अडवलेली रक्कम, न वटलेला चेक, बँकेने लावलेलं लीन (म्हणजे रोखून धरलेली रक्कम) हे सगळं एकूण शिल्लकीत दिसतं, पण हप्त्याला उपयोगी पडत नाही.

खातं वेगळं करा

उपाय अनेक सांगितले जातात: रिमाइंडर लावा, डायरी ठेवा. सर्वात टिकाऊ उपाय एकच आहे. हप्ते, एसआयपी, विमा हे सगळं एका खात्यावर, आणि रोजचा यूपीआयचा खर्च दुसऱ्या खात्यावर. चहा-भाजीच्या व्यवहारांत 76 रुपयांची तूट कधी पडली हे कळत नाही. हप्त्याच्या खात्याला यूपीआय जोडलेलंच नसेल तर ती पडतच नाही.

हप्त्याच्या खात्यात किती ठेवायचं? महिन्याच्या सगळ्या हप्त्यांची बेरीज, अधिक किमान शिल्लक, अधिक साधारण हजार रुपये. हे वरचे हजार खालील गोष्टींसाठी, कारण त्या न विचारता कापल्या जातात:

- डेबिट कार्डाची वार्षिक फी, बहुधा कार्ड घेतलेल्या महिन्यात
- दर तिमाहीला एसएमएसचे पैसे
- मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात जीवन ज्योती विम्याचे 436 आणि सुरक्षा विम्याचे 20 रुपये
- दुसऱ्या बँकेच्या एटीएमवर शिल्लक नसताना पैसे काढायचा प्रयत्न केला, तर त्या नकाराचेही 20 ते 25 रुपये अधिक जीएसटी

शेवटचं अनेकांना माहीतच नसतं. 'नाही निघाले, पाचशे कमी करून बघू' असं तीनदा केलं की पाऊणशे रुपये गेले. आधी फोनवर शिल्लक बघा. यूपीआयवर मात्र शिल्लक नाही म्हणून व्यवहार फसला तर सहसा काही कापत नाहीत.

यूपीआय ऑटोपेचे हप्ते सांभाळायला सोपे. पैसे जाण्याच्या 24 तास आधी सूचना येते, आणि ॲपमध्ये 'ऑटोपे' किंवा 'मँडेट' उघडून तिथेच थांबवता किंवा रद्द करता येतं. नाच मँडेट नेटबँकिंगमधून किंवा शाखेत अर्ज देऊन रद्द होतं. अर्जावर यूएमआरएन नावाचा मँडेटचा क्रमांक लिहा, तो स्टेटमेंटमध्ये किंवा मँडेटच्या यादीत सापडतो. मँडेट रद्द केल्याने कर्ज थांबत नाही, हप्ता दुसऱ्या मार्गाने भरावाच लागतो.

तूट येणारच असेल तर

उशीर होणार हे चार दिवस आधी कळलं, तर मुदत ठेवीवर ओव्हरड्राफ्ट हा सर्वात स्वस्त मार्ग. बँका ठेवीच्या साधारण 90 टक्क्यांपर्यंत मर्यादा देतात, व्याजदर ठेवीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त, आणि व्याज फक्त वापरलेल्या रकमेवर, वापरलेल्या दिवसांचंच. 20,000 रुपये 5 दिवस 8 टक्क्यांनी वापरले तर व्याज होतं सुमारे 22 रुपये. ते 590 शेजारी ठेवून बघा. ठेव मोडावी लागत नाही.

दुसरा मार्ग ऑटो स्वीपचा: ठराविक रकमेवरचे पैसे आपोआप ठेवीत जातात आणि खात्यात कमी पडले की ठेवीतून परत येतात. हप्त्यांच्या खात्यावर हे लावून ठेवलं तर बाउन्सची शक्यता जवळजवळ संपते.

जनधन खात्यावर 10,000 रुपयांपर्यंत ओव्हरड्राफ्ट मिळू शकतो, त्यातले 2,000 फारशा अटींशिवाय. पण तो आपोआप चालू नसतो. शाखेत मागावा लागतो.

किमान शिल्लक: हिशोब सरासरीचा

स्टेट बँकेने 2020 मध्ये बचत खात्यावरचा किमान शिल्लकीचा दंड बंद केला. 2025 च्या जून-जुलैत कॅनरा, पंजाब नॅशनल, बँक ऑफ बडोदा यांनीही तेच केलं. खासगी आणि अनेक सहकारी बँकांत मात्र दंड चालू आहे. पगार खात्यावर दंड नसतो, पण नोकरी सोडली आणि दोन-तीन महिने पगार आला नाही की ते साधं बचत खातं होतं. जुन्या कंपनीची विसरलेली खाती दंडाची सर्वात मोठी खाण आहेत.

किमान शिल्लकीची रक्कम ठरते खात्याची शाखा कुठे आहे त्यावरून, तुम्ही राहता कुठे त्यावरून नव्हे. मोठ्या शहरात जास्त, गावात कमी.

सरासरी काढतात ती रोजच्या दिवसअखेरच्या शिल्लकीची. 10,000 ची अट असेल तर 30 दिवसांच्या महिन्यात बेरीज 3,00,000 भरली पाहिजे. पहिले 20 दिवस 4,000 च होते, तर बेरीज 80,000. उरलेल्या 10 दिवसांत रोज 22,000 ठेवले की सरासरी बसते. 27 तारीख उजाडून गेल्यावर जाग आली तर शेवटचे 3 दिवस रोज 64,000 लागतात. सकाळी भरून संध्याकाळी काढलेले पैसे मोजलेच जात नाहीत. काहीच केलं नाही आणि सरासरी 4,000 राहिली, तर 6 टक्के दर असलेल्या बँकेत 6,000 च्या तुटीवर 360 आणि जीएसटी मिळून 424 रुपये 80 पैसे जातात.

1 एप्रिल 2015 पासून यावर रिझर्व्ह बँकेचे नियम आहेत. दंडाआधी एसएमएस, ईमेल किंवा पत्राने कळवून शिल्लक पूर्ववत करायला महिनाभराची मुदत द्यायची. दंड तुटीच्या प्रमाणात असायचा, सगळ्यांना सरसकट एकच नाही. आणि निव्वळ या दंडामुळे खातं उणे होता कामा नये. 'दंडामुळे खातं उणे आहे, आधी ते भरा मग बंद करून देतो' असं शाखेत ऐकू आलं, तर हा नियम लेखी दाखवा. निष्क्रिय खात्यावर हा दंड लावताच येत नाही.

कापलेले पैसे परत मागताना

फोनवर गोड बोलून पहिला दंड बऱ्याचदा माफ होतो, विशेषतः जुनं खातं असेल तर. नाही झाला तर लेखी द्या, मराठीत लिहिलं तरी चालतं:

'माझ्या बचत खात्यातून दि. ____ रोजी किमान शिल्लक न ठेवल्याबद्दल ____ रुपये वजा झाले आहेत. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार अशा वजावटीपूर्वी एक महिन्याची मुदत देणारी सूचना आवश्यक आहे. ही सूचना मला कोणत्या तारखेला व कोणत्या मार्गाने पाठवली, ते कळवावे. पाठवली नसल्यास रक्कम जीएसटीसह परत जमा करावी.'

हप्त्याच्या बाउन्ससाठी मुद्दे वेगळे: मँडेट आधीच रद्द केलं होतं, पैसे वेळेत जमा होते पण बँकेकडून उशिरा चढले, किंवा एकच हप्ता एकाच दिवशी दोनदा आला. यातलं काही नसेल तर नियमाचा आधार नाही, विनंतीच करावी लागते.

अर्जावर शाखेचा शिक्का आणि तारीख घ्या, किंवा ईमेल करून तक्रार क्रमांक जपून ठेवा. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस पोर्टलवर लोकपालाकडे तक्रार करता येते. पैसे लागत नाहीत, वकील लागत नाही. चौकशीसाठी 14448 हा टोल फ्री नंबर. पतसंस्था मात्र रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाच्या कक्षेत येत नाहीत, त्यांची तक्रार सहकार खात्याच्या उपनिबंधकाकडे जाते.

पतसंस्थेला किंवा सावकाराला दिलेला चेक परत गेला असेल तर दंडापेक्षा नोटीस महत्त्वाची. चेक न वटल्याबद्दलच्या, निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम 138 ची नोटीस हातात पडल्यापासून 15 दिवसांत चेकची रक्कम भरली तर खटला उभा राहत नाही. ती रक्कम आरटीजीएस, एनईएफटी किंवा डिमांड ड्राफ्टने द्या, रोखीने देऊ नका, आणि पैसे मिळाल्याची पोच नोटिशीला जोडून ठेवा. परत गेलेला नाचचा हप्ताही 2007 च्या पेमेंट अँड सेटलमेंट कायद्याच्या कलम 25 खाली याच वाटेने जाऊ शकतो, तेव्हा 'चेक थोडाच दिलाय' म्हणून अशी नोटीस बाजूला टाकू नका.