पॅकिंग साहित्याच्या गोदामातील पहिले वर्ष

उदगीरच्या मत्स्य विज्ञान महाविद्यालयातून पदवी घेऊन मी कोकणातील एका कोळंबी प्रक्रिया कारखान्यात रुजू झाले. पहिली नेमणूक पॅकिंग साहित्याच्या गोदामात मिळाली, तेव्हा ते माझ्या मनाला फार लागले. सूक्ष्मजीवशास्त्र शिकून शेवटी खोकीच मोजायची का, असे वाटले. आज लातूर, नांदेड, परभणीकडून प्रशिक्षणाला निघालेल्या मुलामुलींच्या बोलण्यात तीच नाराजी ऐकू येते, म्हणून हे लिहीत आहे.

शिजवलेली कोळंबी सुटी गोठवून तिच्यावर बर्फाचा पातळ थर चढवला, की ती थेट पिशवीत जाते. त्यानंतर कारखान्यात तिला ना उष्णता मिळते, ना क्लोरिनचे पाणी. त्यामुळे पिशवीच्या आतल्या बाजूला जे चिकटलेले असेल, ते मालाबरोबर ग्राहकाच्या घरापर्यंत जाते. उणे १८ अंश सेल्सिअसला जंतूंची वाढ थांबते, परंतु ते सगळे मरत नाहीत. लिस्टेरिया मोनोसायटोजिनिस हा जंतू तर गोठवणीतून तगतो आणि माल वितळल्यावर फ्रिजच्या थंडाव्यातही वाढू शकतो. शिजवलेली कोळंबी अनेक ठिकाणी पुन्हा न शिजवताच खाल्ली जाते, हे ध्यानात घेतले म्हणजे गोदामातील कामाचे वजन कळते.

माझे बालपण मोंढ्यात गेले. वडिलांच्या आडतीवर बारदाना जमिनीवरच पडलेला असे आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नसे, कारण तूर पुढे दालमिलमध्ये चाळून, साफ होऊनच निघते. तीच सवय माझ्या हातात होती. पहिल्याच आठवड्यात मी मास्टर कार्टनचा, म्हणजे पाकिटे भरायच्या मोठ्या बाहेरच्या खोक्यांचा, गठ्ठा फरशीवर ठेवून सोडला आणि पॅकिंगच्या टेबलावर चिकटलेली पिशवी किराणा दुकानात उघडतात तशी, मास्क खाली ओढून, फुंकर मारून उघडली. शेजारच्या ज्येष्ठ मावशींनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, “ताई, फुंकू नका. या कोळंबीला आता परत पाणी लागायचं नाही.” त्यांनी ती पिशवी बाजूला काढली आणि दुसरी पिशवी हातमोज्याच्या बोटांनी कडेला चोळून कशी उघडायची, ते दाखवले. नाकातोंडात राहणारा स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू अन्नात वाढला तर जे विष तयार करतो, ते नेहमीच्या शिजवण्याने नष्ट होत नाही, हे मी परीक्षेत लिहिले होते. परंतु त्याचा आणि माझ्या फुंकरीचा संबंध मला त्या दिवशी कळला.

गोदामात सर्वांत जास्त लक्ष माल उतरवून घेताना द्यावे लागते. ट्रकचा फाळका उघडला, की आधी वास घ्यावा, ट्रकचा तळ पाहावा आणि ताडपत्रीखाली ओल आहे का ते हाताने चाचपून पाहावे. पन्हळी पुठ्ठ्याच्या पोकळ्यांत झुरळे लपतात, अंडीही राहतात, म्हणून प्रत्येक खेपेतील दोन-चार गठ्ठे उघडून पुठ्ठ्याच्या कडा बॅटरीच्या उजेडात तपासाव्यात. ओला गठ्ठा वाळवून वापरण्याचा मोह पावसाळ्यात हमखास होतो, पण त्यावर बुरशी धरते, तेव्हा तो परतच पाठवावा. साठवण प्लॅस्टिकच्या पॅलेटवर (जमिनीपासून उंच ठेवणाऱ्या चौकटीवर), भिंतीपासून इतकी दूर असावी, की माणसाला मागून फिरून उंदरांच्या लेंड्या शोधता येतील. पिशव्या, खोकी आणि लेबले यांच्याजवळ सफाईची रसायने कधीही ठेवू नयेत.

पॅकिंग हॉलमध्ये त्या शिफ्टपुरतेच साहित्य न्यावे. पिशव्यांचे बाहेरचे वेष्टन गोदाम आणि हॉलमधल्या खिडकीपाशीच काढून केवळ आतले स्वच्छ पाकीट पलीकडे द्यावे; उरलेले साहित्य परत येताना बंद करून, मोजून घ्यावे. लेबलांबाबत हे अधिक काटेकोरपणे पाळावे, कारण कोळंबीच्या पाकिटावर चुकून माशाचे लेबल लागले, तर कवचधारी प्राण्यांची ॲलर्जी असलेल्या माणसाच्या जिवावर बेतू शकते.

आमच्याकडे गठ्ठ्यांच्या पट्ट्या कापायला बोथट झालेले टोक मोडून टाकता येते अशा पात्याचे साधे कटर होते. एका रात्रपाळीत माझ्या कटरचे टोक दिसेना. मी लगेच सांगितले, कारण मावशींनी शिकवले होते की लपवलेली चूक मालात जाते. पॅकिंग थांबले, त्या पाळीची सर्व खोकी वेगळी ठेवली गेली आणि प्रत्येक खोके मेटल डिटेक्टरमधून पुन्हा काढले. पहाटेच्या सुमारास ते टोक कचऱ्याच्या पिंपात, गठ्ठ्यावरून सोललेल्या चिकटपट्टीत सापडले. पुढच्या आठवड्यात आत दडलेल्या पात्याचे, क्रमांक घातलेले कटर आले, आणि पाळी संपताना ते अखंड परत केल्याची सही घेण्याचे काम माझ्याकडे देण्यात आले.