लिनक्सवर स्वॅप किती ठेवावं?

स्वॅप म्हणजे रॅममधला मजकूर उतरवून ठेवायला डिस्कवर राखलेली जागा. ‘रॅमच्या दुप्पट स्वॅप’ हा नियम मेगाबाइटमध्ये रॅम मोजायच्या काळातला. १६ जीबीच्या लॅपटॉपवर तो पाळला तर ३२ जीबी एसएसडी बहुतेक पडूनच राहील.

आधी बघा, हायबरनेट (रॅममधलं डिस्कवर ठेवून मशीन पूर्ण बंद करणं) हवंय का? हवं असेल तर रॅमइतकं, वर एक-दोन जीबी. रॅममधलं सगळं स्वॅपमध्ये उतरतं. कर्नल (लिनक्सचा गाभा) ते दाबून लिहितो, म्हणून कमी जागेतही कधी निभावतं, पण रॅम गच्च भरलेली असताना जागा अपुरी पडली की हायबरनेट होतच नाही. साध्या सस्पेंडला (रॅम चालू ठेवून मशीन झोपवणं) मात्र स्वॅप लागत नाही.

हायबरनेट नको असेल तर मोजून ठरवा. रोजची सगळी कामं एकदम उघडा: ब्राउझरचे वीसेक टॅब, ऑफिस, असेल तर व्हर्च्युअल मशीनसुद्धा. मग टर्मिनलमध्ये ‘फ्री -एच’ चालवा. ‘फ्री’ रकान्यातला छोटा आकडा बघून दचकू नका, रिकामी रॅम लिनक्स फाइलींच्या कॅशला देतं. ‘अव्हेलेबल’ बघा. ८ जीबीच्या मशीनवर तिथे दोनेक जीबी उरत असतील तर ४ जीबी स्वॅप पुष्कळ झालं. ३२ जीबी असली तरी शून्य ठेवू नका: स्वॅप नसेल तर तासन्‌तास न वापरलेली पानंही (मेमरीचे छोटे तुकडे) रॅम अडवून बसतात, आणि रॅम संपली की कर्नलमधला ओओएम किलर थेट एखादा प्रोग्राम मारतो.

आता ‘व्हीएमस्टॅट १’ लावून ‘एसआय’ (स्वॅपमधून रॅममध्ये येणारं) आणि ‘एसओ’ (रॅममधून स्वॅपमध्ये जाणारं) हे रकाने मिनिटभर बघा. स्वॅप अर्धा जीबी भरलंय पण दोन्हीकडे शून्य, तर काही बिघडलेलं नाही. आकडे सतत हलत असतील तर रॅम वाढवा. स्वॅप वाढवून मशीन रखडतच राहील.

वेगळं पार्टिशन कशाला, एक्स्ट४ फाइलसिस्टिमवर स्वॅपफाइल बरी. ‘डीडी’ने १ एमबीचे ४०९६ ब्लॉक, म्हणजे ४ जीबी, लिहा (‘ट्रंकेट’ने केलेली पोकळ फाइल चालत नाही), परवानगी ६०० करा, नाहीतर रॅममधून उतरलेले पासवर्ड दुसरा युजर वाचू शकेल. मग ‘मेकस्वॅप’ने ती तयार करा, ‘स्वॅपऑन’ने चालू करा, आणि ‘एफएसटॅब’मध्ये (बूट होताना वाचली जाणारी फाइल) तिची ओळ घाला, ती विसरलात तर रीबूटनंतर स्वॅप गायब. बीटीआरएफएस या दुसऱ्या फाइलसिस्टिमवर फाइल रिकामी असतानाच तिचं कॉपी-ऑन-राइट (बदल जुन्या जागी न लिहिता नव्या जागी लिहिणं) बंद करावं लागतं. आकार बदलायचा असेल तर आधी जड प्रोग्राम बंद करा: ‘स्वॅपऑफ’ स्वॅपमधलं सगळं रॅममध्ये परत आणतं, आणि तेवढी रॅम मोकळी नसेल तर ते अडतं.