उंदराची शुगर उतरली, मग आपली उतरेल का? असा वाचा पेपर

फॅमिली ग्रुपवर 'जांभळाच्या बियांनी डायबेटीस बरा, संशोधनात सिद्ध' असं काही आलं की सरळ मूळ पेपर शोधा आणि निष्कर्ष सोडून आधी मेथड्सचा, म्हणजे प्रयोग कसा केला ते सांगणारा भाग वाचा, खरी गंमत तिथेच असते.

असे प्रयोग बहुतेकदा उंदरांवर केलेले असतात, तेव्हा पहिलं बघायचं ते उंदरांना डायबेटीस झाला कसा. बहुतेक वेळा स्ट्रेप्टोझोटोसिन नाहीतर अ‍ॅलोक्सान टोचलेलं असतं, ही रसायनं स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशीच मारतात, म्हणजे झाला तो टाइप १ सारखा आणि आपल्या आत्याला असतो टाइप २, ज्यात इन्सुलिन बनतं पण शरीर त्याला नीट दाद देत नाही. आधी भरपूर चरबीचं खाणं घालून मग स्ट्रेप्टोझोटोसिनचा छोटा डोस दिला असेल तर तो अभ्यास त्यातल्या त्यात जवळचा. आणि बियांचा अर्क जर इंजेक्शनच्या आधीपासूनच चालू असेल तर तो पेशींना विषापासून वाचवतोय, झालेला डायबेटीस उतरवत नाहीये, ही गोम भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही. अ‍ॅलोक्सानवाले उंदीर तर कधीकधी आपोआपच सुधारतात, म्हणून काहीच औषध न दिलेला डायबेटिक ग्रुप शेजारी आहे का तेही बघा.

मग डोस. समजा ४०० मिग्रॅ प्रति किलो लिहिलंय, तर ते थेट आपल्या वजनाने गुणायचं नाही, छोट्या प्राण्याला किलोमागे डोस जास्त लागतो, म्हणून उंदराचा म्हणजे रॅटचा आकडा ६.२ ने भागायचा, आले साधारण ६५, गुणिले ६० किलो म्हणजे जवळपास ३.९ ग्रॅम. पण हा अर्क आहे, चूर्ण नाही! १०० ग्रॅम चूर्णातून १० ग्रॅम अर्क निघत असेल तर रोज ३९ ग्रॅम चूर्ण खावं लागेल, कोण खाणारे? (हा भागाकार फक्त अंदाजासाठी हं, स्वतःचा डोस ठरवायला नाही.)

याचा अर्थ झाडपाला फालतू असं अजिबात नाही, डायबेटीसची नेहमीची गोळी मेटफॉर्मिन, तिचं मूळ गॅलेगा नावाच्या युरोपातल्या वनस्पतीतच सापडतं, पण शेवटी माणसांना दिलं गेलं ते लॅबमध्ये बनवलेलं, मोजून-मापून दिलेलं रसायन, फ्रेंच डॉक्टर ज्याँ स्टर्न यांनी १९५७ मध्ये त्याचे माणसांवरचे रिझल्ट छापले.

तरी मेथी, कारलं, गुडमारचं चूर्ण घ्यायचंच असेल तर डॉक्टरांना नावासकट सांगा, कारण चालू गोळ्यांच्या जोडीला शुगर एकदम खाली जाऊ शकते, हात थरथरणं, दरदरून घाम असं झालं तर लगेच ग्लुकोमीटर लावा, ७० च्या खाली दिसलं तर तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून प्या आणि १५ मिनिटांनी परत तपासा.