निकालावर टिपण लिहायचंय? मथळा शेवटी लिहा

कोर्टाचा एखादा मोठा निकाल आला की संध्याकाळपर्यंत गावच्या ग्रुपवर त्याचं ‘सोप्या भाषेत’ टिपण फिरायला लागतं. असं टिपण लिहिणाऱ्यांना सल्ले मिळतात ते ठरलेले: भाषा सोपी ठेवा, मथळा चुरचुरीत द्या, सगळ्यांच्या आधी टाका. भाषा सोपी ठेवाच. बाकीचे दोन सल्ले खाडीत सोडून द्या.

मूळ निकालपत्र उतरवून घ्या. सर्वोच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर ते फुकट मिळतं. सुनावणीत न्यायमूर्ती काय म्हणाले याच्या बातमीवर टिपण लिहू नका. तोंडी शेरा म्हणजे निकाल नव्हे.

पहिल्या पानावर तारीख, न्यायमूर्ती किती आणि हुकूम अंतरिम की अंतिम, एवढं बघा.

आता खरं काम. कोर्टाने नेमकं ठरवलं काय, ते वेगळं काढायचं. मला हे जमायला बरीच वर्षं लागली, आणि इथे घाई करणाऱ्याला मी तरी माफ करत नाही. निकालपत्रात दोन्ही बाजूंचं म्हणणं असतं, जुन्या निकालांचे लांबलचक उतारे असतात, जाता जाता केलेली भाष्यं असतात. या गर्दीत निर्णय चार ओळींचा. ‘विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा’ हा ११ ऑगस्ट २०२० चा निकाल घ्या. मुलगा लग्न होईपर्यंतच मुलगा, मुलगी मात्र जन्मभर मुलगी, हे त्यातलं वाक्य पेपरांत झळकलं. वाक्य छानच आहे, पण त्याने कोणाचं नाव सातबाऱ्यावर चढत नाही.

म्हणून आधी कोर्टापुढचा प्रश्न एका ओळीत लिहून काढा. इथे प्रश्न असा: मुलींना मुलाइतका हक्क देणारी कायद्यातली दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी, म्हणजे ९ सप्टेंबर २००५ रोजी, वडील हयात नसतील, तरी मुलीला एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत जन्मसिद्ध हिस्सा आहे का? तीन न्यायमूर्तींचं उत्तर: आहे, हक्क जन्माने येतो, वडील हयात असण्याची अट नाही. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेली विक्री किंवा वाटप त्याने उलटत नाही. वडिलांनी स्वतःच्या कमाईतून घेतलेल्या जागेचा तर हा विषयच नव्हे. तिला हा निकाल चिकटवू नका.

त्याच निकालात तोंडी वाटपाचाही मुद्दा आहे, आणि कोकणात तो जपून हाताळावा लागतो. आपल्याकडे सातबाऱ्यावर वीस-तीस नावं सामाईक, निम्मे चाकरमानी मुंबईत, आणि कुठल्या कलमाचा आंबा कोणी उतरवायचा ते आजोबांच्या वेळेपासून वहिवाटीने ठरलेलं. अशा गावात ‘तोंडी वाटप अमान्य’ एवढाच मथळा टाकलात, तर उद्या एखादा चुलतभाऊ झेला (आंबे उतरवायची जाळीची काठी) घेऊन दुसऱ्याच्या कलमाखाली उभा राहील. वाटप म्हणजे नोंदणीकृत वाटणीपत्र किंवा कोर्टाचा हुकूमनामा, अशी व्याख्या कायद्यात आहे खरी. पण ती हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम ६ च्या स्पष्टीकरणात आहे आणि तिची सुरुवातच ‘या कलमापुरतं’ अशी होते. म्हणजे बहिणीचा हिस्सा उडवायला ‘आमचं तोंडी वाटप कधीच झालंय’ असं नुसतं म्हणून भागणार नाही. भावाभावांच्या वाटणीचा एरवीचा कायदा त्या ओळीने बदललेला नाही. वर कोर्टाने अपवादही ठेवलाय: सरकारी कागदपत्रांचा भक्कम आधार असेल, तर अपवादात्मक प्रकरणात तोंडी वाटपही मान्य होऊ शकतं.

तर निकाल छापून घ्या आणि ‘पण’, ‘तथापि’, ‘या कलमापुरतं’ दिसेल तिथे पेन्सिलीने रेघ मारा. मोबाईलवर अंगठ्याने सरकवत वाचणाऱ्याच्या हातून नेमक्या याच ओळी निसटतात.

मग लिहा: प्रश्न, उत्तर, आणि हे कोणाला लागू नाही. तिसरा भाग गाळायचा नाही, वाचक बहुधा त्याच्यासाठीच आलेला असतो. अपील कुठे, हेही विचारलं जाईल: १८ ऑगस्ट २०२५ पासून रत्नागिरी-सिंधुदुर्गची उच्च न्यायालयातली प्रकरणं कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे जातात, रायगडची मुंबईतच.

निकाल पटला नाही तर तसं लिहा. अंतिम निकाल लागलेल्या प्रकरणाच्या गुणदोषांवर रास्त टीका हा अवमान नाही, असं १९७१ च्या न्यायालय अवमान कायद्याचं कलम ५ सांगतं. न्यायमूर्तींच्या हेतूवर मात्र घसरू नका. आणि वकील असाल तर खाली ‘सल्ल्यासाठी संपर्क’ नको. बार कौन्सिलच्या नियमांत जाहिरात बसत नाही.

सर्वात वर तारीख घाला. २०१५ च्या ‘प्रकाश विरुद्ध फुलवती’ निकालात वडील हयात हवेत असं ठरलं होतं. २०२० मध्ये तो मोडीत निघाला. त्या वेळची बिनतारखेची टिपणं दाखवून अजून बहिणींकडून हक्कसोडपत्रावर सह्या घेतल्या जातात. तुमचं असं जुनं टिपण कुठे असेल, तर आजच त्याच्या डोक्यावर लिहा: हा निकाल आता लागू नाही.