सरकारी आणि लष्करी जुना माल लिलावात घेताना : लॉटच्या यादीपासून गेटपासपर्यंत

सरकारी कार्यालये, सार्वजनिक कंपन्या आणि लष्कराचे डेपो दर वर्षी मोठ्या प्रमाणावर निरुपयोगी साहित्य विक्रीला काढतात. त्यात गंजलेली कपाटे असतात, जनरेटर असतात, तंबू, ताडपत्री, केबल, सुटे भाग आणि कधीकधी एखादे अख्खे जहाजही असते. ‘विराट’ ही विमानवाहू नौका २०२० मध्ये अशाच ई-लिलावात ३८.५४ कोटी रुपयांना गेली आणि गुजरातमधील अलंगच्या किनाऱ्यावर तोडली गेली. जिल्ह्याच्या गावी भंगाराचे गोदाम किंवा छोटे वर्कशॉप चालवणाऱ्याला इतकी मोठी झेप घ्यायची नसते. पण नियम त्यालाही जवळजवळ तेच लागू होतात. या व्यवहारात नवखा माणूस सगळे लक्ष बोलीवर ठेवतो. फायदा-तोटा मात्र बोलीच्या आधी केलेल्या पाहणीत आणि बोलीनंतरच्या उचलीत ठरतो, म्हणून पुढील विवेचनात त्या दोन टप्प्यांना अधिक जागा दिली आहे.

माल विक्रीला येण्याआधी काय घडते, हे घेणाऱ्यालाही माहीत असावे. वस्तू कार्यालयाच्या जडवस्तू नोंदवहीत (डेड स्टॉक रजिस्टरमध्ये) असेपर्यंत ती कितीही मोडकी असली तरी विकता येत नाही. सक्षम अधिकाऱ्याने कारणे नोंदवून ती निरुपयोगी, कालबाह्य किंवा जादा ठरवल्यावरच तिचे निर्लेखन होते, म्हणजे ती नोंदवहीतून कमी केली जाते. केंद्राच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांनुसार पुस्तकी किंमत, मार्गदर्शक किंमत आणि राखीव किंमत काढावी लागते, आणि उर्वरित मूल्य दोन लाख रुपयांच्या वर जात असेल तर जाहीर निविदा किंवा लिलाव हेच मार्ग उरतात. आपल्याकडे जिला हातची किंमत म्हणतात ती ही राखीव किंमत, म्हणजे जिच्याखाली माल सोडला जात नाही ती रक्कम. ती बहुधा उघड केली जात नाही. एखादा लॉट, म्हणजे एकत्र विकायला काढलेला मालाचा गट, पुन्हा पुन्हा यादीत दिसत असेल, तर कोणाचीही बोली या किमतीपर्यंत पोहोचलेली नाही, असे बहुतेक वेळा समजावे.

विक्रीचे मुख्य व्यासपीठ म्हणजे एमएसटीसी. पोलाद मंत्रालयाच्या अखत्यारीतली ही कंपनी १९६४ साली स्थापन झाली आणि तिचे मुख्यालय कोलकात्यात आहे. त्याखेरीज जेम या सरकारी खरेदीच्या संकेतस्थळावरही आता विक्रीचे लिलाव होतात. नोंदणीसाठी पॅन, जीएसटी क्रमांक, बँक खात्याचा तपशील आणि डिजिटल स्वाक्षरी तयार ठेवावी. बयाणा रक्कम केवळ त्या व्यासपीठाने दिलेल्या खात्यातच भरावी. ‘मी फौजी आहे, बदली झाली आहे, कॅन्टीनमधली गाडी स्वस्तात देतो’ असे सांगून आगाऊ पैसे मागणारे फोन हा निव्वळ फसवणुकीचा धंदा आहे. डेपोतला माल कोणी जवान किंवा सुभेदार वैयक्तिकरीत्या विकत नाही, आणि ‘आतून काम करून देणारा’ मध्यस्थही तितकाच संशयास्पद समजावा.

यादी हातात आली की पहिली नजर किमतीकडे न जाता मोजमापाच्या एककाकडे जावी. बोली टनावर आहे की संपूर्ण लॉटवर, या एका नोंदीने सगळा हिशेब बदलतो. टनावर असेल तर प्रत्यक्ष वजनाप्रमाणे पैसे ठरतात. लॉटवर असेल तर यादीतले ‘अंदाजे’ वजन कमी भरले तरी ते घेणाऱ्याच्या गळ्यात पडते. समजा, १२ टनांचा लॉट तीन लाख साठ हजारांना घेतला. कागदावर भाव किलोला ३० रुपये दिसतो. प्रत्यक्षात माल साडेदहा टन निघाला आणि त्यात सहाशे किलो माती, लाकूड व रबर असेल, तर विकण्याजोगे लोखंड ९,९०० किलो उरते आणि तोच भाव ३६ रुपयांच्या वर जातो. कर, मजुरी आणि वाहतूक अजून यात धरलेली नाही. विक्री ‘जसे आहे, जेथे आहे’ या तत्त्वावर असल्यामुळे नंतर केलेल्या तक्रारीला फारसा अर्थ राहत नाही.

म्हणूनच पाहणी चुकवू नये. लष्करी ठिकाणी आत जाण्यासाठी आधी परवानगी, ओळखपत्र आणि ठरलेली वेळ लागते. मोबाईल बहुधा गेटवरच जमा करावा लागतो, त्यामुळे सोबत वही-पेन असावे. लोहचुंबक, कानस आणि टॉर्च एवढी सामग्री पुरते, पण ती वापरू देतील का हे आधी विचारून घ्यावे. पिवळा दिसणारा प्रत्येक तुकडा पितळ नसतो. पोलादावर नुसता मुलामा असेल तर चुंबक लगेच चिकटते. उलट चुंबक चिकटले नाही म्हणून स्टेनलेस स्टील हलके समजून सोडू नये, कारण त्याच्या अनेक चांगल्या प्रतींना चुंबक ओढतच नाही. केबलच्या गुंडाळ्यांमध्ये कापलेले टोक शोधून त्यावर कानस फिरवावी. आत तांबे आहे की ॲल्युमिनियम, हे तिथेच कळते. ढिगाचा वरचा थर पाहून अंदाज बांधू नये. खालच्या बाजूला काय आहे, पावसाचे पाणी साचले आहे का, इंजिनांतले पंप, डायनॅमो आणि रेडिएटर जागेवर आहेत का, ट्रक आणि क्रेन ढिगापर्यंत पोहोचेल का, हे सगळे फिरून पाहावे. क्रेनला वळायला जागा नसेल, तर जड यंत्र जागेवरच कापावे लागते, आणि गॅस कटिंगची परवानगी प्रत्येक ठिकाणी मिळत नाही. स्फोटकांच्या भांडारात तर ती अपेक्षाही धरू नये.

पाहणीत एक गोष्ट भावापेक्षा महत्त्वाची आहे. ज्याचा उपयोग ओळखता येत नाही, त्या बंद, जड किंवा शिसे लावलेल्या पेटीला हात लावू नये. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातले अनेक वर्षे पडून असलेले गॅमा किरणांचे उपकरण २०१० मध्ये लिलावात विकले गेले आणि मायापुरीच्या भंगार बाजारात ते फोडण्यात आले. आतल्या कोबाल्ट-६० च्या किरणोत्सर्गाने एका कामगाराचा जीव गेला आणि इतर अनेकांना गंभीर इजा झाल्या. विक्री कायदेशीर लिलावात झाली होती. धोका ओळखण्याची व्यवस्थाच तिथे नव्हती. अणुऊर्जा नियामक मंडळाच्या परवानगीशिवाय असे स्रोत हाताळता येत नाहीत. किरणोत्सर्गाचे तीन पात्यांचे चिन्ह कामावरच्या प्रत्येक मजुराला दाखवून ठेवावे. विमानांतल्या आणि रणगाड्यांतल्या जुन्या मापकांच्या अंधारात चमकणाऱ्या तबकड्यांतही रेडियम असू शकते. त्या खरवडू नयेत.

दारूगोळ्याच्या बाबतीत तर हौसेला जागाच नाही. शस्त्रे आणि जिवंत दारूगोळा लिलावात येत नाही. येतात ती वापरलेली पितळी काडतुसे, रिकामी खोकी आणि निकामी केलेले भाग. अशा लॉटसोबत माल स्फोटकमुक्त असल्याचा दाखला मागावा आणि उचलताना तो त्याच लॉटचा आहे का हे क्रमांक जुळवून पाहावे. तरीही भट्टीत टाकण्यापूर्वी प्रत्येक पोकळ वस्तू वेगळी काढून तपासणे ही आपली जबाबदारी राहते. २० नोव्हेंबर २०१८ रोजी वर्धा जिल्ह्यात, पुलगावच्या लष्करी दारूगोळा भांडाराजवळच्या मैदानावर जुना दारूगोळा नष्ट करण्याच्या कामात स्फोट होऊन सहा जण दगावले. मृतांमध्ये मजूरही होते. सरावाच्या मैदानांभोवती पडलेले तुकडे गोळा करून कोणी गोदामात आणून दिले, तर भाव कितीही कमी असो, ते घेऊ नयेत आणि पोलिसांना कळवावे.

आता परवान्यांचा भाग. काही लॉट सर्वांसाठी खुले नसतात. संगणक, प्रिंटर आणि दळणवळणाची उपकरणे १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांखाली येतात आणि ती मोडून धातू काढण्यासाठी नोंदणीकृत पुनर्चक्रणकर्ताच लागतो. शिसे-आम्लाच्या बॅटऱ्या, वापरलेले तेल आणि विमानांतल्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्या यांनाही तशीच अट असते. वाहनांचे तर चित्रच बदलले आहे. जानेवारी २०२३ च्या अधिसूचनेनुसार १५ वर्षे पूर्ण केलेल्या सरकारी वाहनांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून पुढे चालू ठेवता येत नाही आणि ती नोंदणीकृत मोडणी केंद्रातच जावी लागतात. संरक्षण आणि अंतर्गत सुरक्षेसाठीची खास चिलखती वाहने यातून वगळलेली आहेत. जुनी लष्करी जिप्सी किंवा जोंगा गाडी घेऊन रस्त्यावर फिरवण्याचे स्वप्न असलेल्यांनी म्हणून बोलीआधी लॉटच्या अटीत ‘चालवण्यासाठी’ की ‘केवळ मोडीसाठी’ हे वाचावे. लष्करातून आलेले वाहन नोंदवायचे तर परिवहन कार्यालय संबंधित प्राधिकरणाचे नमुना २१ मधील मूळ विक्री प्रमाणपत्र मागते. ते मिळणार नसेल तर गाडी केवळ पत्र्याच्या भावाची आहे.

करांच्या बाबतीत विकणारा नेमका कोण आहे, हे पाहावे लागते. केंद्र, राज्य किंवा स्थानिक संस्थेने नोंदणीकृत व्यापाऱ्याला भंगार किंवा जुना माल विकला, तर २०१७ च्या अधिसूचनेनुसार जीएसटी घेणाऱ्याने उलट आकारणीने भरायचा असतो. रेल्वेला ऑक्टोबर २०२३ पासून यातून बाहेर काढले आहे. आयुधनिर्माण्या १ ऑक्टोबर २०२१ रोजी सात सरकारी कंपन्यांमध्ये विभागल्या गेल्या. पुण्यात मुख्यालय असलेली म्युनिशन्स इंडिया ही त्यांतलीच एक. कंपनी म्हटल्यावर ती बिलावरच कर लावते. म्हणजे पुण्यातल्या खडकीतल्याच दोन शेजारी कुंपणांमागून, एक डेपोतून आणि एक कारखान्यातून, माल घेतला तरी दोन्हींचे कागद वेगळे होतात. शिवाय भंगारावर प्राप्तिकराचा टीसीएस, म्हणजे विकणाऱ्याने घेणाऱ्याकडून आगाऊ घ्यायचा कर, गोळा केला जातो. हा पैसा पुढे वजा मिळत असला तरी खेळते भांडवल मात्र अडकते.

बोलीच्या दिवशी आपली कमाल मर्यादा कागदावर लिहून समोर ठेवावी आणि ती ओलांडू नये. शेवटच्या मिनिटांत बोली आली की वेळ आपोआप वाढते, त्यामुळे अखेरच्या क्षणी डाव साधण्याची युक्ती चालत नाही. दिलेली बोली मागे घेता येत नाही. एक शून्य जादा पडले तर बयाणा जाऊ शकतो, म्हणून आकडा टाकल्यावर अक्षरी रक्कम वाचूनच पुढे जावे. सर्वोच्च बोली लागली तरी माल लगेच आपला होत नाही. अनेक लॉट मंजुरीच्या अधीन असतात आणि तो निर्णय येईपर्यंत बयाणा अडकून राहतो. व्यापाऱ्यांनी आपसात भाव ठरवून घेणे, ज्याला धंद्यात ‘रिंग’ म्हणतात, ते बेकायदेशीर आहे. ‘या लॉटला थांबा, पुढचा तुमचा’ असा निरोप आला तर त्या वाटेला जाऊ नये.

पैसे मुदतीत भरल्यावर डिलिव्हरी ऑर्डर, म्हणजे माल उचलण्याचा आदेश, मिळते आणि खरी घाई सुरू होते. उचलीची मोफत मुदत संपली की भूभाडे लागते. त्याहून उशीर झाला तर माल व पैसे दोन्ही जप्त होऊ शकतात. मजुरांची पोलिस पडताळणी, गाड्यांची कागदपत्रे आणि विमा ही तयारी बोलीआधीच सुरू करावी. वजनकाट्यावर रिकामी गाडी आधी आणि भरलेली नंतर तोलली जाते; दोन्ही वेळा चालक गाडीत आहे की बाहेर, स्टेपनी आणि ताडपत्री तीच आहे का, हे आपल्या माणसाने पाहावे. रिकाम्या गाडीच्या वेळी टाकी जवळजवळ कोरडी आणि भरलेल्या वेळी काठोकाठ असेल, तर डिझेलचे वजनही आपल्याच खात्यात जमा होते. गेटपासवर लॉट क्रमांक, गाडी क्रमांक आणि निव्वळ वजन जुळल्याखेरीज गाडी हलवू नये.

गोदामात आल्यावर मालाची वर्गवारी त्याच आठवड्यात करावी, कारण मिश्र ढीग सगळ्यांत हलक्या घटकाच्या भावाने जातो. बीड (ओतीव लोखंड), पोलाद आणि पत्रा वेगळे केले की जालन्याच्या भट्ट्यांकडे पाठवता येतात. तांबे, पितळ आणि ॲल्युमिनियम यांना स्वतंत्र ग्राहक असतात. केबल जाळून तांबे काढणे बेकायदेशीर तर आहेच, शिवाय जळालेल्या तांब्याचा भावही पडतो. सोलणी यंत्र थोड्याच दिवसांत आपली किंमत वसूल करते. तंबू, ताडपत्री, पाण्याचे डबे आणि लाकडी खोकी वितळवण्यापेक्षा शेतकरी, मंडपवाले आणि पुण्याच्या जुन्या बाजारातले विक्रेते यांना विकलेली बरी. गणवेशाचे कपडे मात्र पट्टे, बिल्ले आणि नावाच्या पट्ट्या उसवून, चिंध्यांच्या भावानेच पुढे द्यावेत, आणि ई-कचरा किंवा बॅटऱ्या ज्या केंद्राला दिल्या त्याची पावती लॉटच्या फाइलमध्ये लावून ठेवावी.