नववीच्या पोरांकडून एक्स्टेंशन बोर्ड करून घेताना

मी वायरमन. दर शुक्रवारी गावच्या माध्यमिक शाळेत निदेशक म्हणून जातो. विषय 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख'. डॉ. कलबागांनी १९८३ साली शिरूर तालुक्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम काढला, तिथला हा अभ्यासक्रम. आठवी ते दहावी, आठवड्यातला एक दिवस हातानं काम, आणि शिकवायला आमच्यासारखे गावातले कारागीर.

तंत्रज्ञान म्हटलं की पालकांच्या डोळ्यांपुढे कॉम्प्युटर येतो. तोही शिकवाच. पण 'धाराविद्युत'ची गणितं चोख सोडवणाऱ्या एका पोरानं मला विचारलं होतं, "सर, तिसरी पिन प्लग घट्ट बसावा म्हणून असते ना?" तेव्हापासून वर्षाचं पहिलं काम एक्स्टेंशन बोर्डचं.

चौघांत एक बोर्ड द्या, जास्त नको. बघे वाढतात. पक्कड आळीपाळीनं फिरू द्या. मी एका शाळेत पाहिलंय, पोरगे स्क्रू पिळतायत आणि पोरी वहीत आकृती काढतायत. असं चालू द्यायचं नाही.

आधी फळ्यावर जोडणी काढून घ्या: तांबडी फेज (करंट आणणारी), काळी न्यूट्रल (परत नेणारी), हिरवी अर्थिंग (गळका करंट जमिनीत नेणारी; तिसरी पिन हिचीच). स्विच फेजवरच. का, ते सांगा: न्यूट्रलवर घातला तर बटण बंद असूनही सॉकेटात करंट राहतो. वायर तीन कोअरची, तांब्याची. टोक सेंटिमीटरभर सोला, तारांना पीळ द्या, टोक हुकासारखं वाकवा आणि तो आकडा स्क्रूभोवती घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं घाला, म्हणजे स्क्रू पिळताना तो आत ओढला जातो. उलटा घातला की बाहेर सरकतो, जोड ढिला राहतो, आणि ढिला जोड तापतो. प्लगमध्ये हिरवी वायर थोडी लांब ठेवा. कुणी वायरला हिसका दिला तर ती सगळ्यात शेवटी सुटली पाहिजे.

पहिल्या वर्षी माझी फजिती झाली. सॉकेट समोरून पाहिलं तर फेज उजवीकडे, हे मी पढवलं. पोरांनी बोर्ड पालथा घालून मागच्या बाजूनं उजवीकडे तांबडी जोडली. सगळे बोर्ड उलटे! आता सांगतो, उजवं-डावं विसरा, सॉकेटच्या पाठीवरचं 'एल' (फेज), 'एन' (न्यूट्रल) वाचा.

तपासणी निदेशकानंच करायची, पोरं हातभर लांब. बोर्ड थेट लाइनवर लावू नका, सिरीज दिव्यातून लावा, म्हणजे फेजच्या वाटेत एक दिवा घालून. दिवा जुन्या तारेचा १०० वॅटचा हवा, एलईडी कामाचा नाही. सॉकेट रिकामं, स्विच चालू: दिवा पूर्ण पेटला तर आत शॉर्ट आहे. पेटला नाही तर सॉकेटात तसलाच दुसरा दिवा लावा. दोन्ही मंद पेटले की जोडणी पूर्ण. मग टेस्टरनं समोरून उजवं भोक पाहा, तिथं टेस्टर पेटला पाहिजे. अर्थिंग मात्र या दिव्याला कळत नाही. प्लग काढून मल्टिमीटरची एक तार प्लगच्या तिसऱ्या पिनेला, दुसरी सॉकेटच्या अर्थिंगच्या भोकाला लावा आणि बीप ऐकवा.

बोर्ड झाला की गणित द्या. सॉकेट ६ अँपिअरचं, दाब २३० व्होल्ट, म्हणजे १३८० वॅटपर्यंत. १००० वॅटची इस्त्री चालेल का? २००० वॅटचा गीझर? घरच्या उपकरणांवरचे आकडे उतरवून आणायला लावा. दुसऱ्या शुक्रवारी निम्मा वर्ग तक्रारी घेऊन येतो: आमच्याकडे एकाच बोर्डावर इस्त्री, पंप, मिक्सर!

शेवटी खर्चाचा तक्ता. दुकानाचं बिल जोडायचं, वाया गेलेली वायर धरायची, मजुरीही धरायची. गेल्या वर्षी एकीनं मजुरीच्या रकान्यात लिहिलं, 'काही नाही, मीच केलं.' मी ते खोडलं आणि तिला किती तास लागले ते लिहायला लावलं. अडीच निघाले.