पाय मोडलेल्या ड्रायव्हरनं ‘हलकं काम’ घेताना

चिंचोळीत माल भरताना पाय मोडला, तर केसपेपरवर ‘कामावर असताना’ हे आधी लिहून घ्या. ‘घरी पडला’ लिहिलं की मालकाकडच्या भरपाईचा दावा तिथंच लंगडा पडतो. मालकाला लेखी कळवा, पोच घ्या. बिल्टी (मालवाहतुकीची पावती) आणि पगाराच्या ऑनलाइन नोंदी जपा. ईएसआय (कामगार राज्य विमा) असेल तर मार्ग वेगळा.

तात्पुरत्या अपंगत्वात दर पंधरवड्याला मासिक वेतनाच्या 25 टक्के भरपाई मिळते. मात्र गोडाऊनवर बसवून कमी पगार दिला, तर ही रक्कम अपघाताआधीच्या आणि नंतरच्या पंधरवड्याच्या पगारातल्या फरकापेक्षा जास्त होत नाही. म्हणून नवा पगार लेखीच हवा.

डॉक्टरांकडून नुसतं ‘हलकं काम’ नको. किती किलो उचलायचं, क्लच दाबायचा का, तेही घ्या. ताडपत्री ओढणं हलकं नव्हे!